गावात डिप्रेशनचा इलाज कोण करणार? दरवेळी डॉक्टरच पाहिजे असं नाही

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत सकाळी जी गर्दी असते ना, त्यात "मला डिप्रेशन आलंय" असं म्हणत कुणीच येत नाही. लोक सांगतात अंग दुखतंय, डोकं गच्च झालंय, छातीत धडधडतं, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, जेवण जात नाही. बाया हळूच सांगतात की अंगावरून पांढरं जातंय आणि कंबर भरून येते. मग दोन गोळ्या, फारच अशक्तपणा वाटत असेल तर एक सलाईन, की माणूस घरी, आणि महिन्याभरानं परत तिथंच. गोव्यात मानसिक आरोग्यावर संशोधन करणारे डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या पांढरं जाण्याच्या तक्रारीचा नीट अभ्यास केला तेव्हा निघालं काय, तर ह्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त घट्ट होता. म्हणजे बाई खोटं बोलत नव्हती, तिला त्रास होतच होता, फक्त औषध भलत्याच गोष्टीचं चालू होतं.

आता आकडे बघू. निम्हान्सनं (बंगळूरची राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था) २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं (त्यात महाराष्ट्र नव्हता), त्यात मोठ्या माणसांपैकी साधारण १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. आणि ज्यांना उपचारांची गरज होती त्यातल्या ७० ते ९२ टक्क्यांना, आजारानुसार कमीजास्त, ते मिळतच नव्हते. देशात एक लाख लोकांमागे पूर्ण एक सायकियाट्रिस्टसुद्धा (मनोविकारांचा डॉक्टर) पडत नाही, आणि जे आहेत ते बहुतेक शहरात बसलेत. हे गणित नुसती मेडिकल कॉलेजं वाढवून आपल्या हयातीत सुटेल असं मला तरी वाटत नाही.

बरं ही अडचण काही आज कळलेली नाही. १९७०च्या दशकातच निम्हान्सनं बंगळूरजवळ सकलवाड्याला आणि चंडीगडच्या पीजीआय ह्या मोठ्या सरकारी वैद्यकीय संस्थेनं हरियाणात रायपूर रानीला प्रयोग करून दाखवला होता, की गावातल्या आरोग्य कर्मचाऱ्याला आणि साध्या एमबीबीएस डॉक्टरला थोडं शिकवलं तर बरेचसे पेशंट तिथल्या तिथं ओळखता येतात आणि सांभाळताही येतात. त्यातूनच १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, मग कर्नाटकात बेल्लारीला जिल्हा पातळीवर करून बघितलं, आणि १९९६ मध्ये ४ जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, आज कागदावर सातशेहून जास्त जिल्हे त्यात आहेत. कागदावर म्हणतोय कारण कुठं टीम पूर्ण असते, कुठं सायकियाट्रिस्टची जागा रिकामी, कुठं सगळे आहेत पण गाडीला डिझेल नाही.

मला स्वतःला ह्यातला सगळ्यात इंटरेस्टिंग भाग वाटतो तो वेगळाच आहे. डिप्रेशनचा इलाज मानसशास्त्राची डिग्री नसलेला माणूस करू शकतो का? पूर्वी कुणी विचारलं असतं तर लोक हसले असते. पण १९९६ मध्ये अमेरिकेत नील जेकबसन ह्या मानसशास्त्रज्ञाच्या टीमनं कॉग्निटिव्ह थेरपीचे (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा बोलण्याचा उपचार) तुकडे करून बघितले, म्हणजे पूर्ण थेरपी एका गटाला आणि तिच्यातला फक्त कृतीचा भाग दुसऱ्या गटाला, आणि निकाल जवळजवळ सारखाच आला. ह्या कृतीच्या भागाला बिहेवियरल अॅक्टिव्हेशन म्हणतात. त्याचं लॉजिक सोपं आहे, आपल्याला वाटतं आधी मूड चांगला होईल मग माणूस कामाला लागेल, पण डिप्रेशनमध्ये गाडी उलटी चालते, माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, सोडली की त्यातून मिळणारं थोडंफार समाधान जातं, ते गेलं की मूड अजून पडतो, मग अजून दोन गोष्टी सुटतात. हे चक्र कृतीच्या बाजूनं तोडता येतं. मूड येईपर्यंत थांबायचं नाही, आधी एक लहान काम करायचं. आणि हे इतकं साधं असल्यानंच ते डिग्री नसलेल्या माणसालाही शिकवता येईल असं लोकांना वाटायला लागलं.

प्रत्यक्षात ते कसं दिसतं? समजा एक बाई आहे, कापूस हातचा गेलाय, घरात सतत कटकट, तिनं बचत गटाच्या मीटिंगला जाणं सोडलंय, माहेरी फोन सोडलाय, दुपारभर भिंतीकडं तोंड करून पडलेली असते. समुपदेशक तिला "धीर धरा ताई, सगळं ठीक होईल" असं म्हणत नाही (असं म्हणणं म्हणजे समुपदेशन नव्हे, ते तर शेजारीण पण फुकटात करते). समुपदेशक विचारते काल उठल्यापासून काय काय केलं, आणि त्या त्या वेळी मन कसं होतं. विचारता विचारता सापडतं की सगळा दिवस वाईट गेला पण सकाळी जावेबरोबर अंगणात भाजी निवडताना जरा बरं वाटलं होतं. मग पुढच्या आठवड्यासाठी ठरतं एवढंच, की रोज संध्याकाळी जावेबरोबर देवळापर्यंत चक्कर मारायची, आणि मंगळवारी बँकेत जाऊन तो पीक विम्याचा कागद विचारून यायचा, कारण त्या कागदाची धास्ती रात्री झोपू देत नाहीये. वेळ ठरलेली, कोण सोबत येणार ते ठरलेलं, आणि झालं नाही तर पुढच्या वेळी का झालं नाही ते बोलायचं, रागवायचं नाही. इतकं साधं.

गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये ह्याचीच नीट चाचणी झाली, हेल्दी अॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम नावानं. समुपदेशक म्हणजे मानसिक आरोग्याचं आधी काहीही शिक्षण नसलेली माणसं, पेशंटला ६ ते ८ सेशन, प्रत्येक अर्ध्या पाऊण तासाचं. २०१७ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला, ३ महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. आणि एक बारीक गोष्ट जी बातम्यांमध्ये कुणी लिहीत नाही: हे समुपदेशक आपापल्या सेशनचं रेकॉर्डिंग करायचे आणि मग एकत्र बसून एकमेकांना मार्क द्यायचे, कुठं सल्ले द्यायला लागलास, कुठं पेशंटला बोलूच दिलं नाहीस. माझ्या मते खरी ताकद तिथं आहे. चार दिवस ट्रेनिंग, चहा-बिस्किट, सर्टिफिकेट आणि मग वर्षभर कुणी फिरकत नाही, अशा पद्धतीनं हे काम होत नाही.

आता जनजागृती. हा शब्द ऐकला की मला बॅनर आणि प्रभातफेरी आठवते, १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन, फोटो, झालं. पण जागृती नीट केली तर फरक पडतो हे विदर्भातच दिसलंय. अमरावती जिल्ह्यात ३० गावांमध्ये विश्राम नावाचा कार्यक्रम झाला, तिथं लहान लहान गटात बैठका, टेन्शन, झोप, दारू, कर्ज अशा रोजच्या भाषेत बोलणं, आणि त्याच्याच जोडीला गावातच समुपदेशक आणि अधूनमधून येणारा सायकियाट्रिस्ट. सुरुवातीला डिप्रेशन असलेल्यांपैकी फक्त ४.३ टक्के लोकांनी कुणाकडं मदत मागितली होती, दीड वर्षानं ते प्रमाण २७.२ टक्के झालं. "जोडीला" ह्या शब्दाकडं लक्ष द्या. नुसतं "बोला, मन मोकळं करा" सांगायचं आणि जवळचा डॉक्टर ७० किलोमीटरवर, तर लोक एकदा बोलतील आणि परत बोलणार नाहीत.

आणि जागृतीत काय सांगतो तेही जपून बघायला लागतं. "हा मेंदूतल्या रसायनांचा आजार आहे" असं सांगितलं की लोक पेशंटला दोष कमी देतात हे खरं, पण अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय की त्यामुळं लोकांची पेशंटपासून लांब राहायची इच्छा कमी होत नाही, उलट हा कधीच बरा होणार नाही असं वाटायला लागतं. त्यापेक्षा जास्त उपयोग होतो तो आजारातून सावरलेल्या माणसाला भेटल्याचा. ज्याला आख्खा गाव वेडा म्हणायचा तो परत ट्रॅक्टर चालवताना दिसला की पोस्टरची गरज पडत नाही.

भगत, देवऋषी, दर्गा ह्यांचं काय करायचं हा प्रश्न येतोच. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला लागलेल्या आगीत २८ मनोरुग्ण गेले, दर्ग्याच्या आसपास चालणाऱ्या एका खासगी निवाऱ्यात त्यांना साखळदंडानं बांधलेलं होतं, पळताच आलं नाही. तिथं साखळी तोडणं हाच मुद्दा आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं साखळदंडावर सरळ बंदी आहे. पण लोकांची श्रद्धा कायद्यानं उठत नाही. गुजरातमध्ये उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यावर २००८ पासून दवा आणि दुआ असा प्रयोग झाला, मुजावर लोकच पेशंटला म्हणायचे दुआ पण घे आणि तिकडं डॉक्टर बसलेत त्यांच्याकडून गोळ्या पण घे. काही जणांना हे पटत नाही, अंधश्रद्धेला मान्यता दिल्यासारखं वाटतं. मला विचाराल तर पेशंट जिथं आधी जातो तिथं डॉक्टर बसलेला बरा, वाद नंतर घालू.

मात्र बोलून सगळं बरं होतं असा समज नको. स्किझोफ्रेनिया (नसलेले आवाज ऐकू येणं, भलतेच संशय), बायपोलर (मूड कधी फार वर तर कधी फार खाली) ह्यात औषध लागतंच. भारतातच तीन ठिकाणी स्किझोफ्रेनियाच्या पेशंटवर झालेल्या एका चाचणीत (लॅन्सेट, २०१४) डॉक्टरांच्या उपचारासोबत गावातला प्रशिक्षित कार्यकर्ता घरी जाऊन पेशंटला आणि घरच्यांना मदत करत होता, त्याचा थोडा पण खरा फायदा दिसला, आणि तो सगळ्यात जास्त दिसला तमिळनाडूच्या ग्रामीण भागात, जिथं आधी काहीच सोय नव्हती. इथं घोडं अडतं ते गोळ्यांवर. पेशंट सहा महिने नीट असतो, शेतात जायला लागतो, मग केंद्रातला स्टॉक संपतो, "पुढच्या आठवड्यात या" सांगतात, एक दिवसाची मजुरी बुडवून तो परत येतो, तरी गोळी नाही, बाहेरून घ्यायला पैसे नाहीत, आणि दोन-तीन महिन्यात आवाज परत ऐकू यायला लागतात. घरचे म्हणतात बघा, डॉक्टरच्या औषधानं काही झालं नाही. ह्यात जागृतीचा काय दोष?

आत्महत्येबद्दल दोन गोष्टी सांगायलाच पाहिजेत. एक, "जीव द्यावासा वाटतो का" असं सरळ विचारल्यानं डोक्यात तो विचार घुसत नाही, संशोधनात तसं कुठं दिसलेलं नाही, उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं ह्यानंच हलकं वाटतं. डिप्रेशन ओळखायला वापरतात त्या पीएचक्यू-९ नावाच्या नऊ प्रश्नांच्या यादीतला शेवटचा प्रश्न हाच आहे, आणि शिकाऊ लोक नेमका तोच घाईघाईत उरकतात. दुसरी गोष्ट, सगळा उपाय दवाखान्यात नसतो. श्रीलंकेनं सगळ्यात विषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बंद केली आणि १९९५ ते २०१५ ह्या काळात तिथलं आत्महत्येचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. त्याच देशात घरोघरी कुलूपवाल्या पेट्या वाटून बघितल्या, त्यानं मात्र फरक पडला नाही. अशी चाचणी घेतली नसती तर आपण पण पेट्याच वाटत बसलो असतो, फोटो चांगला येतो.

महाराष्ट्रात शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प (शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीची सरकारी योजना) आला तेव्हा घरोघरी विचारपूस करायचं काम आशाताईंकडं आलं. आशा ही त्या कामाला खरंच योग्य बाई आहे, तिला माहीत असतं कुणाच्या घरात काय चाललंय. पण तिच्याकडं आधीच लसीकरण, बाळंतपणं, टीबी, सर्वेवर सर्वे, आणि पैसे बऱ्याचदा कामागणिक. त्यात ही अजून एक वही वाढली की ती उंबऱ्यातून विचारणार "बरं आहे ना?" आणि रकान्यात शून्य भरणार, आणि त्यात तिची चूक नाही. तिला ह्याचे वेगळे पैसे आणि महिन्यातून एकदा तिचंही ऐकून घेणारी सुपरवायझर हवी.

टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोन सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, १४४१६ हा नंबर, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. रात्री दोनला घाबरायला झालं तर लावायला खरंच कामाचा. पण गोळ्या फोनवरून येत नाहीत, त्यामुळं तुमच्या केंद्रात कधी गेलात तर औषध वाटपाच्या खिडकीवर एवढं विचारून बघा: फ्लुओक्सेटिन (डिप्रेशनची गोळी) आणि रिस्पेरिडोन (स्किझोफ्रेनियाची गोळी) आज आहे का, मागच्या वेळी किती दिवस संपलं होतं, आणि जिल्ह्याची मानसिक आरोग्याची टीम इथं कुठल्या वारी येते. ग्रामसभेत उभं राहून विचारलं तर अजून चांगलं, तिथं उत्तर प्रोसिडिंगला लिहायला लागतं.