गांजा सोडताना पहिला आठवडा आणि पुढचा महिना

मराठवाड्यात गांजाबद्दल दोन मतं ऐकू येतात, आणि दोन्ही सारख्याच ठामपणे सांगितली जातात. पारावरचे आजोबा म्हणतात, "भोळ्या शंकराची बुटी हाय ती, तिची कुठं सवय लागत असती व्हय!" आणि ज्या घरातलं पोरगं सापडलं, त्या घरातली आई म्हणते, आता हा हातातून गेला. अभ्यासकांनी जे पाहिलंय ते या दोघांच्या मधे कुठंतरी आहे. थोडं आईकडे झुकलेलं, पण तिला धीर देणारं.

आधी आजोबांचं बघू. 1994 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, ज्यांनी एखादं व्यसन कधी ना कधी करून पाहिलं त्यांच्यातले किती जण त्याच्या आहारी गेले, हे मोजलं होतं. तंबाखूचं प्रमाण 32 टक्के, दारूचं 15, गांजाचं 9. म्हणजे आजोबांच्या चंचीतली तंबाखू गांजापेक्षा जास्त चिवट निघाली. पण नऊ टक्के म्हणजे शून्य नव्हे. शिवाय ही सरासरी आहे. शाळेच्या वयात सुरुवात करणाऱ्यांत साधारण सहातला एक जण अडकतो असं दिसतं. आपल्याकडचा आकडा हवा असेल तर दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेलं, 2019 साली प्रसिद्ध झालेलं सर्वेक्षण बघावं. वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले 3.1 कोटी लोक, त्यांपैकी सुमारे 72 लाखांना त्या सवयीपायी मदतीची गरज. या पाहणीत भांग घेणारे संख्येनं जास्त होते, पण अडकण्याचं प्रमाण गांजा-चरसवाल्यांत जास्त निघालं.

असं का? परळीला किंवा औंढ्याला महाशिवरात्रीला भांग घेणारा वर्षातून एकदा घेतो, हे एक कारण. दुसरं शरीराच्या आत आहे. पोटातून गेलेली भांग चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात. धूर मात्र फुप्फुसातून काही मिनिटांत मेंदूत पोचतो, आणि नशा जितकी झटपट चढते तितकी ती मेंदूच्या जास्त लक्षात राहते. चिलीम भरताना कधी नीट पाहिलंय का? तळहातावर गांजा आणि तंबाखू एकत्र मळायची, चिलमीत खडा टाकून वर ते दाबून भरायचं, बुडाला ओल्या फडक्याची छापी गुंडाळायची, दोन्ही मुठींत धरून खोल झुरका. त्या एका झुरक्यात दोन व्यसनं आत जातात. "मला गांजाचीच तलफ येते" असं सांगणाऱ्याला निम्मी तलफ निकोटीनची असू शकते. गांजा सोडून तंबाखू तशीच ठेवली की पुन्हा घसरण का होते, याचं एक उत्तर इथं आहे. आपल्याकडे गांजासाठी आलेल्याला तंबाखूबद्दल कुणी विचारतही नाही.

गांजात नशा आणणारं मुख्य रसायन टीएचसी. इस्रायलमध्ये गाओनी आणि मेकोलाम यांनी 1964 साली ते वेगळं काढून दाखवलं. ते मेंदूत कुठं जाऊन बसतं हे कळायला 1988 उजाडलं. रसायन झेलणाऱ्या त्या जागांना सीबी-1 ग्राहक (रिसेप्टर) म्हणतात, आणि भूक, झोप, स्मरण, भीती या सगळ्यांच्या वाटेवर ते आहेत. रोज गांजा ओढला की काय होतं? मोंढ्यात तुरीची आवक एकदम चौपट झाली की काही काटे बंद ठेवतात, तसा मेंदू हे ग्राहक कमी करत जातो. मग तेवढ्याच पुडीत पूर्वीसारखी मजा येत नाही, मात्रा वाढते. आणि एक दिवस आवक बंद झाली, तरी काटे लगेच उघडत नाहीत.

सोडल्यानंतरचे अवघड दिवस म्हणजे हाच मधला काळ. पहिल्या एक ते तीन दिवसांत चिडचिड सुरू होते. भूक मरते, घाम येतो, हात थरथरतात, रात्री झोप लागत नाही आणि लागलीच तर विचित्र, लखलखीत स्वप्नं पडतात. पहिल्या आठवड्यात त्रास सगळ्यात जास्त असतो, दोनेक आठवड्यांत बराचसा ओसरतो. झोपेची तक्रार मात्र महिनाभर रेंगाळू शकते. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं 2013 सालच्या आपल्या नियमावलीत गांजा सोडल्यावरच्या या त्रासाला रीतसर जागा दिली. तोवर पुष्कळ डॉक्टरही आजोबांसारखंच बोलायचे.

मेंदूच्या आतलं चित्र दाखवणारं पॉझिट्रॉन (पेट) स्कॅन करून हे ग्राहक प्रत्यक्ष मोजले गेलेत. रोज ओढणाऱ्यांत ते कमी दिसले, आणि गांजा बंद केल्यावर सुमारे चार आठवड्यांनी पुन्हा जवळपास इतरांएवढे झाले. 2016 च्या एका अभ्यासात तर पहिल्या दोन दिवसांतच भरपाईला सुरुवात झालेली दिसली. मला या सगळ्या विषयातला हा सर्वात कामाचा शोध वाटतो. ज्या आठवड्यात पोरगं ताटावरून उठतं, बापावर ओरडतं, रात्री अंगणात फेऱ्या मारतं, त्याच आठवड्यात त्याचा मेंदू दुरुस्त होत असतो. घरच्यांना वाटतं, हा आणखी बिघडला. मग कुणी देवऋष्याकडे नेतं, कुणी खोलीत कोंडतं.

इथं एक सावधगिरी. नुसता गांजा एकदम सोडल्यानं सहसा जिवाला धोका होत नाही, त्यामुळं बहुतेकांना भरती करावं लागत नाही. पण सोबत रोजची दारू असेल किंवा 'बटण' म्हणून विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्या असतील, तर त्या घरच्या घरी एकदम बंद करू नयेत. फिट येऊ शकते. आणि कुणी जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा केली, तर वाट न बघता डॉक्टरकडे न्यावं.

गोळी कोणती, हा पुढचा प्रश्न हमखास येतो. गांजाचं व्यसन सोडवणारं मान्यताप्राप्त औषध अजून नाही. एन-ॲसिटिलसिस्टीन नावाच्या साध्या, स्वस्त औषधानं 2012 साली आशा दाखवली होती: 116 किशोरवयीन मुलांवरच्या चाचणीत लघवीत गांजा न सापडण्याची शक्यता दुपटीहून जास्त झाली. मग हेच औषध 302 प्रौढांना देऊन पाहिलं, तर साखरेच्या गोळीइतकाच परिणाम. 2017 साली तो निकाल छापून आला. व्यसनमुक्तीच्या औषधाची जाहिरात दिसली की ही गोष्ट आठवावी.

थोडंफार टिकलेलं काय, तर बोलणं. अमेरिकेत तीन ठिकाणी 450 प्रौढांवर झालेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काहींना समुपदेशनाच्या नऊ भेटी दिल्या, काहींना दोन, काहींना उपचार न देता नुसतं वाट बघायला सांगितलं. चार महिन्यांनी पूर्ण सोडलेले अनुक्रमे सुमारे 23, 9 आणि 4 टक्के होते. नऊ भेटी देऊन चारातला एकही पुरता नाही, हे ऐकून निराश व्हायला होतं. पण न सोडलेल्यांतही अनेकांचं ओढणं कमी झालं होतं, आणि ज्याला घर चालवायचंय त्याच्या दृष्टीनं रोजचे पाच दम एकावर येणं ही लहान गोष्ट नाही.

या बोलण्यात उपदेश जवळपास नसतो. समुपदेशक विचारतो, "गांजा सोडणं तुला दहापैकी किती महत्त्वाचं वाटतं?" पोरगं म्हणतं, "चार." आपण असतो तर "चारच?" म्हणून ओरडलो असतो. तो विचारतो, "चार का? एक का नाही?" मग पोरगं स्वतःच्या तोंडानं सोडायची कारणं सांगायला लागतं. पुढच्या भेटींत तलफेचे नेमके क्षण शोधतात. कोयता दिवसभर चालवून फडावरून कोपीवर परतल्यावर, उचल हातात पडल्यावर, ठरावीक दोस्ताचा फोन आल्यावर. त्या अर्ध्या तासाला काय करायचं हे आधीच ठरवून ठेवायचं.

औषधाच्या दुकानातून लघवी तपासायचं किट आणणाऱ्या वडिलांसाठी एक गोष्ट. टीएचसी चरबीत विरघळतं आणि तिथून हळूहळू झिरपत राहतं. बरीच वर्षं रोज ओढणाऱ्याची तपासणी शेवटच्या झुरक्यानंतर तीन-चार आठवड्यांनीही पॉझिटिव्ह येऊ शकते. विसाव्या दिवशी पट्टीवर निकाल बघून पोराला खोटं ठरवलं, तर कदाचित खरं बोलणाऱ्याला मारलं जाईल.

डोकं फिरण्याचं काय? हा धोका खरा आहे. युरोप आणि ब्राझीलमधल्या 11 ठिकाणांच्या, 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज गांजा घेणाऱ्यांत मनोविकृतीचा पहिला झटका येण्याची शक्यता तिप्पट दिसली, जहाल गांजा रोज घेणाऱ्यांत जवळपास पाचपट. संशय, कानात आवाज अशी लक्षणं असतील तर समुपदेशनावर भागत नाही, मानसोपचारतज्ज्ञच हवा. पण प्रत्येक वेडाचं खापर गांजावर फोडायची सवयही जुनी आहे. 1893-94 साली ब्रिटिशांनी नेमलेल्या आयोगानं वेड्यांच्या इस्पितळांतले कागद तपासले, तर 'कारण' या रकान्यात पोलिसांकडून आलेलं 'गांजा' डॉक्टरांनी तसंच उतरवून घेतल्याचं कितीतरी ठिकाणी सापडलं.

उपचाराला जायचं तर पोलीस पकडतील, ही भीती अनेकांना घरी बसवते. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात कलम 64-अ आहे. गुन्हा सेवनाचा किंवा थोड्या मालाचा असेल आणि व्यसनी माणूस आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं; उपचार मात्र पुरे करावे लागतात. साखळीनं बांधून ठेवणारं केंद्र असेल तर तिथून पोराला परत आणा, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं ते सरळ बेकायदा आहे. छत्रपती संभाजीनगरचं घाटी किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय गाठता येत असेल तर मानसोपचार विभागात साधा केसपेपर काढून सुरुवात होते. तेही लांब पडत असेल तर 14446 ही व्यसनमुक्तीची आणि 14416 ही टेलिमानसची, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेची, मोफत हेल्पलाइन आहे. टेलिमानसवर मराठीत बोलता येतं, आणि झोप उडालेल्या पहिल्या आठवड्यात रात्री दोनलाही तो फोन लागतो.