शेवटच्या पानांवरची कागदी पट्टी: थ्रिलर नेणाऱ्या वाचकांसाठी

नवरा-बायकोच्या संसारात दडलेल्या गुपितांवरची थ्रिलर सध्या आपल्या वाचनालयात सगळ्यात जास्त फिरतायत, आणि काउंटरवर वाद पण त्यांच्यावरूनच होतात, म्हणून एकदा नीट लिहून देतोय.

या पुस्तकांच्या शेवटच्या प्रकरणाला आम्ही कागदी पट्टी लावतो. आमच्यावर विश्वास नाही का असं बरेच जण विचारतात. विश्वास आहे हो, पण होतं असं की संध्याकाळी पुस्तक नेलं, घरी जाऊन आधी शेवटची पानं वाचली, कोणी केलं ते कळलं, आणि सकाळी दार उघडायच्या आत "मजा नाही, बदलून द्या" म्हणून हजर. मग परत नोंद करा, दुसरं शोधा, आणि ते सगळं चालू असताना शेवट मोठ्याने सांगून पण टाकतात, मागे लाईनीत उभ्या असलेल्या ताई नेमकं तेच पुस्तक न्यायला आलेल्या असतात.

खरं सांगायचं तर या प्रकारात कोणी केलं हे मुख्य गुपित नसतंच. सायलेंट पेशंट (2019) घ्या, बायकोने नवऱ्यावर पाच गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर ती एक शब्द बोलली नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकलंय. गर्ल ऑन द ट्रेन (2015) मधे सांगणारीच दारूच्या नशेत, तिला त्या रात्रीचं धड आठवत नाही, मग तिच्यावर विश्वास ठेवायचा किती? गॉन गर्ल (2012) मधे एक प्रकरण नवऱ्याचं, एक बायकोच्या डायरीचं, दोघंही पटतात आणि दोघांचं जुळत नाही. निम्म्या पुस्तकावर काय होतं ते मी सांगणार नाही, पण तिथपर्यंत तुम्ही कोणाची बाजू घेतली होती त्यावरच सगळा खेळ आहे. शेवट आधी वाचला की तुम्ही बाजू घेतच नाही, म्हणजे पुस्तक वाचलंच नाही असं मी समजतो.

"पिक्चर बघितलाय, पुस्तक नको" म्हणणाऱ्यांसाठी पण एक. रेबेका 1938 ची कादंबरी, हिचकॉकचा पिक्चर 1940 चा, पण तेव्हाच्या अमेरिकेतल्या सेन्सॉरच्या नियमांमुळे पिक्चरमधे मूळ गुपितच बदलावं लागलं. आपल्याकडचा कोहरा (1964) पण त्याच गोष्टीवरचा. तरी कादंबरी न्याच, पहिली शंभर पानं सावकाश जातात, तेवढा धीर धरा.

काही पुस्तकांत घरातली मारहाण, कोंडून ठेवणं असं बरंच आहे, सगळ्यांना ते झेपेलच असं नाही. नेण्याआधी विचारा, गोष्ट न फोडता सांगतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तर नियम एवढाच, पट्टी शाबूत असेल तर दुसऱ्या दिवशी पुस्तक फुकट बदलून देऊ, फाटली असेल तर पूर्ण भाडं लागेल. घरात दोघं वाचणार असाल तर दोन प्रती एकदम न्या, दुसऱ्या प्रतीला भाडं निम्मं घेतो. आणि रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला निघाला असाल तर जाताना दुकानावरून जा, एका रात्रीत संपतील अशी पातळ पुस्तकं वेगळी काढून ठेवलीत.