दम्याचा त्रास आधी मावशींना दिसतो

मधली सुट्टी संपल्याची घंटा होते. दोन मजले धावत चढून आलेली पोरं वर्गात घुसतात आणि एक जण जिन्याच्या वळणावर कठडा धरून उभा राहतो. खांदे वर ओढलेले, दोन-तीन शब्द बोलला की थांबतोय. बाई तेव्हा वर्गात हजेरी घेत असतात. हा मुलगा दिसतो तो लादी पुसणाऱ्या मावशींना, नाहीतर घंटा देऊन परतणाऱ्या शिपाईकाकांना. पण शाळेत दम्यावर बोलायला डॉक्टर येतात तेव्हा समोर शिक्षक बसतात, आणि मावशी चहा आणायला गेलेल्या असतात.

जिना चढून धाप कुणालाही लागते. निरोगी मुलाची धाप दोन-चार मिनिटांत उतरते. दमा असलेल्या मुलाचा त्रास मात्र बरेचदा पळणं थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत वाढत जातो. तोंडाने भराभर हवा घेतली की श्वासनलिकांचं आतलं अस्तर कोरडं पडतं, आधीच सुजलेल्या नळीभोवतीचे स्नायू आवळतात, त्यात चिकट कफाची भर. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर संथ वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, १६ पट होतो. लहान मुलांच्या नळ्या मुळातच बारीक, त्यामुळे थोडीशी सूजही त्यांना महागात पडते.

छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. तो थांबला की ‘बरं वाटतंय वाटतं’ असं म्हणून मुलाला वर्गात पाठवलं जातं. इथे फार मोठी गफलत होऊ शकते. कधीकधी आत हवाच इतकी कमी जात असते की शिट्टीही वाजत नाही. गळ्याखालचा खड्डा आत ओढला जातोय, ओठ निळसर दिसतायत, बोलता येत नाहीये किंवा मूल सुस्तावलंय, तर एकाने लगेच १०८ ला फोन करायचा आणि दुसऱ्याने दम्याचा पंप, म्हणजे इन्हेलर, द्यायचा.

मुलाला ताठ बसवायचं, आडवं करायचं नाही. आराम देणारा पंप, बहुधा निळा, हलवून स्पेसरला, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायच्या पोकळ नळकांड्याला, लावायचा. एक फवारा, मग मुलाने स्पेसरमधूनच चार श्वास घ्यायचे. असे चार फवारे. चार मिनिटं थांबून फरक नसेल तर पुन्हा चार, आणि तरीही उतार नसेल तर १०८. मुलाच्या डॉक्टरांनी वेगळं काही लिहून दिलं असेल तर तसं. पाठीवरून हात फिरवावा, धीर द्यावा, पण बाम चोळण्यात वेळ घालवू नये. आणि पंप ऑफिसच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली बँकेत गेलेल्या क्लार्ककडे, अशी व्यवस्था असेल तर पंप असून नसल्यासारखाच.

‘पंपाची सवय लागते’ ही भीती आपल्याकडे घट्ट बसलेली आहे. पालकांना सिरप चालतं, पंप नको असतो. आता हिशेब बघा. साल्ब्युटामॉल या दम्याच्या औषधाच्या ५ मिलीलीटर सिरपमध्ये २ मिलिग्रॅम औषध असतं आणि पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे २० पट कमी. सिरप पोटातून, रक्तातून सगळीकडे फिरत छातीत पोहोचतं, फवारा थेट तिथे जातो आणि काही मिनिटांत काम सुरू करतो. हा खिशात मावणारा पंप १९५६ साली बाजारात आणला रायकर लॅबोरेटरीजने. (नाव आपल्याकडचं वाटतं, पण कंपनी अमेरिकेतली.) कंपनीच्या प्रमुखांच्या शाळकरी मुलीला दमा होता. केसांच्या स्प्रेसारखं माझं औषध का मिळत नाही, असं तिने विचारलं आणि तिथून सगळं सुरू झालं.

आता झाडूकडे. वर्ग भरायच्या दहा मिनिटं आधी कोरडा झाडू मारला की खडूची भुकटी आणि धुळीतले किडे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे डस्ट माइट, मुलांच्या नाकाच्या उंचीवर तरंगत राहतात. मुंबईच्या दमट हवेत या किड्यांचं चांगलं फावतं. शाळा सुटल्यावर झाडणं, सकाळी फक्त ओलं फडकं, एवढ्या बदलाला खर्च नाही. डब्यातलं सांडलेलं त्याच दिवशी उचलावं, कारण झुरळं. त्यांच्या विष्ठेचा आणि अंगाच्या कणांचा दम्याशी संबंध अमेरिकेतल्या शहरांमधल्या आठ भागांच्या अभ्यासात १९९७ सालीच दिसला होता. ब्लीच आणि अ‍ॅसिड मात्र कधीच एकत्र ओतू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो. तो पहिल्यांदा मावशींच्याच छातीत जातो. सफाई कामगारांमध्ये दम्याचं प्रमाण जास्त आढळतं, त्यामुळे शाळेने त्यांना उग्र वासाचं फिनेल देऊन वर मुलांची काळजी घ्यायला सांगणं हे जरा अतीच आहे.

व्हॅनवाल्या काकांना दोनच गोष्टी सांगायच्या. सकाळची अगरबत्ती मुलं चढायच्या बरीच आधी लावावी, आणि मुलाचा पंप उन्हात डॅशबोर्डवर ठेवू नये, कारण त्यात दाबाखालचा वायू असतो.

राहिला स्पेसर. तो नसेल तर? १९९९ साली दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी मुलांवर प्रयोग करून दाखवलं, की अर्ध्या लीटरची प्लास्टिकची बाटली जवळपास विकतच्या स्पेसरइतकंच काम करते. बाटलीच्या बुडाला तापलेल्या तारेने पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडायचं, पंप घट्ट बसवून फट बंद करायची आणि बाटलीचं तोंड मुलाच्या तोंडात. साधा असो की विकतचा, स्पेसर साबणाच्या पाण्याने धुवायचा. पण इथे मावशींचा हात आपोआप फडक्याकडे जातो. तेवढं करू नये. घासून पुसलं की प्लास्टिकवर स्थितिक विद्युतभार येतो आणि औषधाचे कण आतल्या बाजूला चिकटून बसतात. पाणी निथळू द्यावं, आणि खिडकीत तसाच वाळू द्यावा.