साखळीभर किनारा

न्यूझीलंडला जाऊन कॅम्परव्हॅन, म्हणजे आतच झोपण्याची सोय असलेली गाडी, भाड्याने घेणाऱ्याला पहिल्याच संध्याकाळी एक कोडं पडतं. या किनाऱ्यावर गाडी लावून रात्र काढता येते आणि डोंगराच्या पलीकडच्या खाडीत तीच गाडी दिसली की दंडाची पावती मिळते. वाळू तीच, समुद्रही तोच. कोडं सुटायला १८४० सालापर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी फेब्रुवारीत तिथल्या मूळ रहिवाशांचे, म्हणजे माओरींचे, प्रमुख आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यात वायटांगीचा करार झाला. वर्ष संपता संपता व्हिक्टोरिया राणीच्या नावाने गव्हर्नर विल्यम हॉब्सन यांना लेखी सूचना गेल्या. समुद्रकाठची जी जागा रस्त्यांना, होड्या लावायला किंवा लोकांच्या उपयोगाला लागेल, ती खासगी माणसाला देऊ नये, असं त्यात होतं. पट्टी किती रुंद ठेवायची हे पुढे ठरत गेलं आणि १८९२ च्या जमीन कायद्याने ६६ फूट हे माप पक्कं केलं. ६६ फूट म्हणजे इंग्रज मोजणीदाराची एक साखळी. आपला गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा, म्हणजे त्या साखळीच्या अर्ध्या बाजूचा चौरस, तेव्हा हे माप आपल्याला अगदीच परकं नाही. तिथे या पट्टीला ‘क्वीन्स चेन’, राणीची साखळी म्हणतात. ती सलग नाही, मध्ये मध्ये तुटलेली आहे. तरी समुद्रकाठ सगळ्यांचा, ही भावना तिने इतकी खोल रुजवली की १९९१ च्या साधनसंपत्ती कायद्यातही तिचा वीस मीटरचा वारसा टिकून राहिला.

या ‘सगळ्यांचा’ शब्दात माओरी कुठे होते, हे मात्र विचारलंच पाहिजे. किनारा त्यांच्यासाठी शिंपल्यांचं, माशांचं, रोजच्या अन्नाचं ठिकाण होता. माणसाचा मैला आणि अन्न देणारं पाणी यांचा संपर्क त्यांच्या रीतीत निषिद्ध. आपल्या सोवळ्याओवळ्याशी त्याची तुलना सहज मनात येते, पण इथे सोवळं पाळायचं ते पाण्याचं. १९८१ मध्ये तारानाकी प्रांतातल्या ‘ते आतिआवा’ या माओरी जमातीने खडकांवर सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याविरुद्ध, कराराच्या भंगाच्या तक्रारी ऐकणाऱ्या वायटांगी न्यायाधिकरणाकडे दाद मागितली आणि १९८३ मध्ये न्यायाधिकरणाने त्यांचं म्हणणं उचलून धरलं. पुढे कॅम्परव्हॅनवरून जो वाद पेटला, त्याचा गाभा मला या प्रकरणात दिसतो. समुद्राच्या काठी मुक्काम करणाऱ्याची घाण जाते कुठे?

त्याआधीच्या पिढीला हा प्रश्न छळत नव्हता. १९४४ च्या कायद्याने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. ख्रिसमस तिथे ऐन उन्हाळ्यात येतो, त्यामुळे घरंच्या घरं तंबू घेऊन किनाऱ्याकडे निघू लागली. १९३८ पासून आयातीवर परवान्यांची बंधनं होती, तेव्हा हौशी लोक घरच्या अंगणात कॅरॅव्हॅन बांधत, जुन्या बसगाड्यांत ओटे आणि पलंग ठोकत. १९५६ मध्ये मोटर कॅरॅव्हॅनवाल्यांची संघटना उभी राहिली. गाड्या थोड्या होत्या, किनारा लांबलचक होता.

मग परदेशी तरुण जुन्या व्हॅनमध्ये नुसती गादी टाकून देशभर हिंडू लागले. त्यांच्या गाडीत टॉयलेट नसे. सकाळी झुडपांमागे काय सापडे, ते गावकऱ्यांना साफ करावं लागे. त्याच सुमारास किनाऱ्यालगतच्या जमिनींचे भाव चढले आणि वर्षानुवर्षांची कॅम्पग्राउंडं विकून तिथे बंगल्यांचे प्लॉट पडले. हक्काच्या जागा कमी होत गेल्या आणि उघड्यावर मुक्काम वाढत गेला.

२०११ हे वळणाचं वर्ष. मार्चमध्ये किनारपट्टीवरच्या माओरी हक्कांचा नवा कायदा आला. २००४ च्या कायद्याने किनारा थेट सरकारच्या मालकीचा केला होता, त्याविरुद्ध हजारो माओरी चालत वेलिंग्टनला गेले होते. नव्या कायद्याने ती मालकी काढून घेतली, लोकांची ये-जा मात्र खुली ठेवली. ऑगस्टमध्ये, रग्बी विश्वचषक तोंडावर आलेला असताना, फ्रीडम कॅम्पिंगचा, म्हणजे कॅम्पग्राउंडबाहेर उघड्यावर केलेल्या मुक्कामाचा, कायदा मंजूर झाला. उधाणाच्या ओहोटीची सरासरी रेषा धरून तिच्यापासून २०० मीटरच्या आत केलेला मुक्कामही त्यात धरला गेला. कोकणातल्या माणसाला ही रेषा समजावून सांगायला नको. दंड तेव्हा २०० डॉलर होता.

सुरुवातीचं कोडं याच कायद्यातलं. सार्वजनिक जागेवर मुक्काम मूळात मान्य. स्थानिक परिषदेला बंदी घालायची असेल, तर जागा नेमकी दाखवून कारण द्यावं लागतं: निसर्गाचं रक्षण, आरोग्य, लोकांची वाट. सगळ्या हद्दीत सरसकट बंदी घालता येत नाही. म्हणून एक खाडी खुली आणि शेजारची बंद. मला ही रचना न्याय्य वाटते, कारण हक्क गृहीत धरलेला आहे आणि पुरावा बंदी घालणाऱ्याने द्यायचा आहे.

पण घाणीचा प्रश्न तिने सुटला नाही. ‘सेल्फ-कंटेन्ड’, म्हणजे पाण्याची आणि घाणीची सोय आतच असलेल्या, गाडीसाठी १९९० पासून एक मानक होतं. तीन दिवस पुरेल इतकं पाणी, माणशी रोज चार लिटर, सांडपाण्याची टाकी, झाकणाची कचरापेटी आणि टॉयलेट. यातली पळवाट अशी की सुटं, हातात उचलून नेता येणारं टॉयलेटही चाले. गादीखाली कोंबलेली ती पेटी अनेकांनी कधी बाहेरच काढली नाही आणि मागच्या काचेवर मानक पाळल्याचा निळा स्टिकर मात्र झळकत राहिला.

जून २०२३ पासून लागू झालेल्या कायद्याने नेमकं तिथे बोट ठेवलं. आता टॉयलेट गाडीला पक्कं बसवलेलंच हवं आणि पलंग अंथरलेला असतानाही ते वापरता आलं पाहिजे. परिषदेच्या जागेवर गाडीत मुक्काम करायचा तर असं प्रमाणपत्र लागतं. परिषदेने एखाद्या जागेपुरती सूट दिली असेल तरच ते लागत नाही. तंबूवाल्यांना ही अट नाही. घर नाही म्हणून गाडीत राहणाऱ्यांनाही या कायद्यातून वगळलं आहे, आणि ते वगळलं हे फार बरं झालं. भाड्याच्या गाड्यांना हे नवं, हिरवं प्रमाणपत्र आधी सक्तीचं झालं. खासगी मालकांची मुदत वाढवून ७ जून २०२६ केली गेली. तिथे गाडी ठरवताना भाडं विचारण्याआधी मागचा पलंग उघडायला सांगा आणि टॉयलेटपर्यंत पोचता येतं का, ते स्वतः पाहा.