क्वेराधारी सैनिकांच्या लघुमूर्ती

न्यू स्पेनच्या (उत्तर अमेरिकेतील स्पेनच्या वसाहतीच्या) उत्तर सरहद्दीवरील ‘प्रेसिडिओ’ या लष्करी ठाण्यांत (उदा., सॅन डिएगो, १७६९, टूसॉन, १७७५) नेमलेल्या घोडेस्वारांच्या, ऐतिहासिक तपशील काटेकोरपणे सांभाळून घडवलेल्या छोट्या मूर्ती. क्वेरा म्हणजे हरणाच्या कमावलेल्या कातड्याचे अनेक थर शिवून केलेला बिनबाह्यांचा जाड अंगरखा. बाणांपासून बचाव व्हावा म्हणून तो घालत. त्यावरूनच या शिपायांना ‘सोल्दादो दे क्वेरा’ हे नाव मिळाले.

क्वेराच्या उगमाबद्दल दोन मते आढळतात. एका मतानुसार तो युरोपातील जाड कातडी अंगरख्याचा वंशज होय. दुसऱ्या मतानुसार त्याचे मूळ ‘इचकाविपिल्ली’ या मेक्सिकोतील कापूस भरलेल्या कवचात आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश शिपायांनी ते ‘एस्काउपिल’ या नावाने स्वतःही वापरले होते. कातडे आणि नाव (स्पॅनिश ‘कुएरो’ म्हणजे कातडे) स्पेनचे, पण थरावर थर शिवण्याची कल्पना मेक्सिकोच्या कवचाला जवळची. त्यामुळे दोन्ही परंपरांचा मेळ झाला असावा, हे अधिक संभवनीय वाटते. मूर्तिकारासाठी हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. थरांचे कातडे कापडासारखे चुणत नाही, ताठ राहते आणि त्याच्या कडेला जाडी दिसते. पुष्कळ मूर्ती नेमक्या इथेच फसतात.

चित्रसाधने थोडीच आहेत. १७२०च्या व्हियासूर या स्पॅनिश सेनानीच्या मोहिमेचा पराभव दाखवणारे, कातड्यावर रंगवलेले सेगेसर चित्र सांता फे (न्यू मेक्सिको, अमेरिका) येथे आहे. स्पेनमधील सेव्हिलच्या इंडीज अभिलेखागारातील (वसाहतींच्या दप्तरखान्यातील), सुमारे १८०४चे मानले जाणारे, मुरियोने काढलेले क्वेराधारी शिपायाचे रंगीत चित्र मूर्तिकारांना अधिक उपयोगी पडते. गणवेशासाठी प्रेसिडिओंची १७७२ची नियमावली पाहावी लागते : निळी आखूड बंडी, तिला तांबडी कॉलर, निळी विजार व खांद्यांवरून घ्यायचा निळा झगा. शस्त्रांत भाला, रुंद तलवार, बंदूक, पिस्तुले आणि ‘अदार्गा’ ही मूरांकडून (उत्तर आफ्रिका व स्पेनमधील मुस्लिमांकडून) आलेली कातडी ढाल.

मूर्ती बहुधा ५४ किंवा ७५ मिमी. उंचीची असते, मात्र ही उंची डोळ्यांपर्यंत मोजायची की माथ्यापर्यंत, याबाबत एकवाक्यता नाही. तारेच्या सांगाड्यावर दोन भाग मिसळून घट्ट होणारी इपॉक्सी पुटी चढवतात आणि आधी उघडे शरीर, मग कपडे, शेवटी पट्टे व शस्त्रे असा क्रम ठेवतात. मूळ मूर्तीवरून रबरी साचा काढून धातूच्या किंवा रेझिनच्या प्रती ओततात. अलीकडे संगणकावरही घडण होते.

नियमावलीप्रमाणे दर शिपायाकडे सहा घोडे, एक शिंगरू व एक खेचर असे. मूर्तीत बहुधा एकच घोडा येतो.