गोव्यात रेरा एजंट व्हायचंय? नोंदणी, कागदपत्रं आणि हमखास अडणारी जागा

"मी काही दलाल नाही हो, दोघांची गाठ घालून देतो आणि ते खुशीने देतात ते घेतो," असं सांगणारे पेडण्यापासून काणकोणपर्यंत भेटतात. २०१६ चा रेरा कायदा, म्हणजे घर-जमिनीच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, तुम्ही स्वतःला काय म्हणवता ते पाहत नाही. ब्रोकर, डीलर, मध्यस्थ, काहीही म्हणा. मोबदला घेऊन व्यवहार जुळवून दिलात की तुम्ही एजंट.

मात्र ही नोंदणी प्रत्येक व्यवहाराला लागत नाही, आणि घोळ इथेच होतो. रेरात नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट, दुकान किंवा प्लॉट विकायला-घ्यायला मदत करणार असाल तर कलम ९ प्रमाणे आधी नोंदणी हवी. कुणाचं जुनं वडिलोपार्जित घर विकून देणं किंवा कळंगुटला खोली भाड्याने लावून देणं या कलमात येत नाही. पण मोठ्या जमिनीचे तुकडे पाडून विकणारे प्रकल्पही रेराखाली येतात, तेव्हा "आपण फक्त प्लॉटचं बघतो" ही पळवाट नव्हे.

नोंदणीशिवाय काम केल्यास दंड दिवसाला १०,००० रुपये, आणि तो वाढत वाढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जातो. ८० लाखांच्या फ्लॅटला हा आकडा ४ लाख होतो, म्हणजे फक्त चाळीस दिवसांत गाठला जाणारा. दोन टक्के दलाली धरली तर हाती येणार होते १ लाख ६० हजार.

अर्ज गोवा रेराच्या, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. कार्यालय पणजीत पाटो प्लाझाला आहे. सुरुवातीलाच ठरवा, अर्ज स्वतःच्या नावाने करायचा की फर्मच्या. व्यक्तीसाठी शुल्क कमी, संस्थेसाठी जास्त. भावाबरोबर भागीदारीत धंदा करायचं नक्की असेल तर घाईने एकट्याच्या नावावर अर्ज टाकू नका.

कागद तसे मोजकेच: पॅन कार्ड, फोटो, धंद्याच्या जागेचा पुरावा, मागच्या वर्षांची आयकर विवरणपत्रं, आणि चालू असलेल्या दिवाणी-फौजदारी खटल्यांची माहिती. फर्म असेल तर भागीदारी करार किंवा कंपनीची घटनापत्रं, शिवाय सगळ्या भागीदारांचे वा संचालकांचे फोटो. खटला लपवू नका. खोटी माहिती देऊन मिळवलेली नोंदणी पुढे रद्द होऊ शकते.

अडतं ते जागेच्या पुराव्यावर. डिचोलीकडच्या एका मुलाने घराच्या पडवीतच टेबल-खुर्ची मांडून ऑफिस केलं होतं. वीजबिल आणलं, तर ते वारलेल्या आजोबांच्या नावावर. घर अजून तीन काका आणि एका आत्याच्या सामाईकीत. आपल्याकडे निम्म्या घरांची हीच कथा. पोर्टलवर बसण्याआधी सहहिस्सेदारांचं ना हरकत पत्र तयार ठेवा, किंवा सरळ भाड्याची जागा घेऊन करारनामा करा. पॅनवरचं नाव, करारावरचं नाव आणि अर्जातलं नाव अक्षरशः एकच हवं. एकात वडिलांचं नाव मध्ये आणि दुसऱ्यात गायब, असं चालवून घेतलं जाईल या भरवशावर राहू नका.

अर्ज फेटाळायचा असेल तर प्राधिकरणाला कारणं लेखी द्यावी लागतात, आणि त्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. ठरलेल्या मुदतीत काहीच कळवलं नाही तर कायद्याने नोंदणी झाली असं धरलं जातं.

नंबर मिळाल्यावर तो प्रत्येक व्यवहारात लिहायचा. हिशेबाच्या वह्या ठेवायच्या, नोंदणी नसलेल्या प्रकल्पाला हात लावायचा नाही, आणि बुकिंगच्या वेळी ग्राहकाला हक्काची सगळी कागदपत्रं मिळतील हे पाहायचं. सनद (जमीन बिगरशेतीला वापरायची परवानगी), एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या मालकी-कब्जाची नोंद), मुंडकाराची (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याची) नोंद यांतलं काही विचारल्यावर "ते बिल्डर बघेल" म्हणून हात झटकू नयेत. दलालीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणीही आली.

एक नोंदणी अख्ख्या गोव्याला पुरते, पण पत्रादेवीच्या सीमेपर्यंतच. मोपा विमानतळामुळे आता पेडण्याचे कितीतरी एजंट महाराष्ट्रातल्या सावंतवाडी, दोडामार्गचे प्रकल्पही दाखवतात. तिथे महारेराची, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाची, वेगळी नोंदणी लागते, आणि त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते.