टॅक्रोलिमसचा ब्रँड बदलण्याचा वाद : पार्श्वभूमी

‘औषध तेच आहे, फक्त कंपनी वेगळी,’ असं म्हणत केमिस्ट दुसरी स्ट्रिप पुढे करतो. बीपीच्या किंवा अॅसिडिटीच्या गोळीबाबत एवढ्यानं सहसा काही बिघडत नाही. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्याच्या टॅक्रोलिमसबाबत (शरीरानं नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून रोज घ्यायचं औषध) मात्र बिघडू शकतं. हा वाद या औषधापेक्षाही जुना आहे.

१९५४ साली बॉस्टनमध्ये एकसारख्या जुळ्या भावांत यशस्वी प्रत्यारोपण झालं तेव्हा अशा औषधांची गरजच पडली नाही. १९६०च्या दशकात अॅझाथायोप्रिन आणि प्रेडनिसोलोनचे भरभक्कम डोस आले. त्यांच्याबरोबर गोल झालेला चेहरा, मोतीबिंदू आणि खुब्याचं हाड मरणंही आलं. त्या औषधांची रक्तातली पातळी कोणी मोजत बसत नसे.

‘लेव्हल’ (औषधाची रक्तातली पातळी) हा शब्द रुग्णांच्या तोंडी आला तो सायक्लोस्पोरिनमुळे. अमेरिकेत त्याला १९८३ साली मान्यता मिळाली. त्यानं रिजेक्शन (शरीरानं नवा अवयव नाकारणं) कमी केलं, पण हिरड्या सुजून वाढत, अंगभर केस येत आणि डोस जास्त झाला की ज्या मूत्रपिंडासाठी सगळा खटाटोप त्यालाच इजा होई. मूळ तेलकट औषध पोटात शोषलं जाण्यासाठी पित्तावर अवलंबून होतं. १९९०च्या दशकाच्या मध्यात त्याच कंपनीनं त्याच रेणूचं सुधारित रूप आणलं. ते जास्त शोषलं जाई, त्यामुळे तेवढ्याच मिलिग्रॅमला लेव्हल वर चढे. रेणू तोच आणि कंपनीही तीच असली तरी औषध ‘तेच’ नसतं, हा धडा तिथला.

टॅक्रोलिमस अमेरिकेत यकृतासाठी १९९४ साली आणि मूत्रपिंडासाठी १९९७ साली मान्य झालं. केसांची आणि हिरड्यांची तक्रार गेली. तिच्या जागी हातांची थरथर (डोसनंतर तास-दोन तास जास्त, सही वाकडी येते), वाढलेली साखर आणि गळणारे केस आले. सुरुवातीला लेव्हल बरीच वर ठेवत. २००७ साली एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले : मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं आणखी एक औषध) आणि स्टिरॉइडच्या जोडीनं ३ ते ७ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर एवढी लेव्हलही चांगली चालते. दुष्परिणाम कमी झाले, पण चुकायला जागाही कमी उरली. १२ वरून तीस टक्के घसरलं तर साडेआठच्या आसपास राहतं, ५ वरून घसरलं तर साडेतीन.

सर्वांत जास्त घोळ ‘बायोइक्विव्हॅलंट’ (रक्तात मूळ औषधाइतकंच पोचणारं) या शब्दाभोवती आहे. ८० ते १२५ टक्के ही चौकट ऐकून अनेकांना वाटतं की कॅप्सूलमध्ये औषधच वीस टक्के कमी असू शकतं. तसं नाही. स्वयंसेवकांना दोन्ही औषधं आलटूनपालटून देतात, रक्तात किती पोचलं त्याचं गुणोत्तर काढतात आणि त्या सरासरीचा अंदाज अनिश्चिततेसकट पूर्णपणे चौकटीत बसावा लागतो. म्हणजे प्रत्यक्ष सरासरी फरक बराच लहान असतो. युरोपात २०१० नंतर टॅक्रोलिमससारख्या औषधांसाठी, एकूण शोषणापुरती, चौकट ९० ते १११ इतकी आवळली. ब्रिटनच्या नियामकानं २०१२ साली हे औषध ब्रँडच्या नावानंच लिहा, असं सांगितलं. उलट २०१७ सालच्या एका अभ्यासात स्थिर रुग्णांमध्ये मूळ औषध आणि दोन जेनेरिक (त्याच रेणूची दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेली औषधं) यांत दखल घ्यावा असा फरक दिसला नाही. पुढे २०२३ साली अमेरिकी नियामकानं एका जेनेरिकचा ‘समतुल्य’ हा दर्जा काढून घेतला, कारण त्याची शिखर पातळी जास्त चढत होती.

भारतात प्रश्नाचं रूपच निराळं आहे. २००५पूर्वी इथं रेणूला पेटंट मिळत नसे. त्यामुळे देशी टॅक्रोलिमस आधीपासून मिळत आलं आणि मूळ ब्रँड कधीच न घेतलेले रुग्ण इथे भरपूर. इथला बदल जेनेरिकवरून जेनेरिकवर होतो, आणि दोन जेनेरिकची थेट तुलना सहसा कोणी केलेली नसते. दोन्ही स्वतंत्रपणे मूळ औषधाशी जुळवलेली असतात. एक जरा खालच्या बाजूला, दुसरं जरा वरच्या बाजूला असेल तर फरक बेरजेचा होतो. चिठ्ठीवरचा ब्रँड केमिस्टनं परस्पर बदलू नये असा नियम आहे, पण डॉक्टरांनी ब्रँड न लिहिता फक्त रेणूचं नाव लिहिलं की कंपनी कोणती हे काउंटरवरच ठरतं. स्वस्त ब्रँडवर जाण्यात गैर काही नाही, न सांगता जाण्यात आहे.

बदल झालाच तर आठवड्याभरानं लेव्हल आणि क्रिअॅटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्तचाचणी) दोन्ही बघतात. दिवसातून दोनदा घेण्याच्या औषधासाठी रक्त रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी, सकाळची कॅप्सूल घेण्याआधी द्यायचं. कॅप्सूल डब्यात घालून लॅबमध्ये न्यायची. घरीच गिळून गेलं तर आकडा फसवा चढतो आणि डोस उगाच कमी केला जातो. हे औषध लाल पेशींना चिकटतं, म्हणून जांभळ्या झाकणाची ट्यूब लागते, सीरमची चालत नाही. दिवसातून एकदाच घ्यायची दीर्घकाळ सुटणारी कॅप्सूल साध्या कॅप्सूलच्या जागी परस्पर घेऊ नये.

ब्रँडवर खापर फोडण्याआधी बाकीचंही तपासावं लागतं. जुलाब लागले तर टॅक्रोलिमसची लेव्हल कमी न होता वाढते, कारण आतड्याच्या भिंतीत होणारं त्याचं विघटन मंदावतं. बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि गणपतीच्या दिवसांत बाजारात दिसणारं पपनसही ती वाढवतं. टीबीसाठीचं रिफॅम्पिसिन ती इतकी पाडतं की डोस कित्येक पटींनी वाढवावा लागतो. आणि डिल्टियाझेम : तेही लेव्हल वाढवतं, म्हणून आपल्याकडे ते कधी कधी मुद्दामच देतात, म्हणजे कमी टॅक्रोलिमसमध्ये लेव्हल टिकते आणि महिन्याचा खर्च वाचतो. चिठ्ठीवर मात्र ते बीपीची गोळी म्हणूनच दिसतं. गावाकडच्या डॉक्टरांनी बीपी ठीक आहे म्हणून ते बंद केलं की ब्रँड तोच, डोस तोच, आणि लेव्हल खाली.